साडेतीन आटे

अर्ज क्रमांक एकशे सतरा. विषय : खदान रस्ता, सर्व्हे नंबर शहाऐंशी येथे वाहन धुलाई केंद्र उभारण्यास परवानगी मिळणेबाबत. अर्जदार : एकता चालक सहकारी संस्था. सभासद एकोणीस.

नूतन जोगदंडनं फाईल उघडली, शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली. नांदखेड महानगरपालिकेच्या नगररचना विभागात ती भूजल छाननी अधिकारी होती. सहा वर्षांपूर्वी हे पदच नव्हतं. तेव्हा कुणीही कुठंही बोअर घ्यायचा, शेजारची विहीर आटायची आणि सगळे मिळून पावसाला नावं ठेवायचे. आता शहरात जमिनीखालचं पाणी उपसायची परवानगी हवी असेल, तर त्यामुळे कुणाचं पाणी किती खाली जाणार ते नूतनला आधी लिहून द्यावं लागे. घर क्रमांकासह. असे चौदाशे अभिप्राय तिनं दिले होते. पहिल्या शंभरांपर्यंत तिला आपण काही चांगलं करतोय असं वाटायचं. नंतर लोक तिला रस्त्यात ओळखून चेहरा फिरवायला लागले, आणि ज्यांची विहीर तिनं वाचवली होती त्यांना ती वाचल्याचं कधी कळलंच नाही.

स्थळपाहणीला ती गेली तेव्हा दस्तगीर मोमीन प्लॉटच्या तोंडाशीच उभा होता. पन्नाशी उलटलेला, पांढरी खुरटी दाढी, खिशाला पेन. वीस वर्षं त्याची रिक्षा महापालिकेसमोरच्या स्टँडवर असायची. शहरात बिनचालकाच्या गाड्या आल्या आणि दोन वर्षांत स्टँडवर फक्त पाटी उरली.

"या मॅडम. रिक्षा असती तर आणायलाच आलो असतो."

"आले मी गाडीनं."

"दिसलं. मळकी होती." तो हसला. "मागचा डोळा पाहिलात का तिचा? चिखलानं भरलाय. आमचा धंदा खाल्ला यांनी. म्हटलं, आता निदान अंघोळ तरी आमच्याकडून करून घ्या."

त्याचा हिशेब बरोबर होता. या गाड्यांना चारी बाजूंनी कॅमेरे आणि लेसरचे डोळे असतात. धुळीचा थर बसला की गाडी हळू चालते, आणि काचेवर क्षाराचा एक पांढरा ठिपका जरी वाळला तरी तो तिला रस्त्यातलं जनावर वाटतो. मग ती भर चौकात थांबून राहते. म्हणून प्रत्येक गाडी दिवसातून दोनदा धुवावी लागते, तीही मऊ पाण्यानं. नांदखेडचं बोअरचं पाणी असं की चहाच्या पातेल्याला महिन्याभरात क्षारांची खरपुडी धरते. त्यामुळे गाड्या धुवायला साठ किलोमीटरवर जात होत्या.

"आम्हालाही वाटलं होतं, पाणी जड लागणार," दस्तगीर म्हणाला. "पण चाचणीचा बोअर घेतला आणि नशीबच उघडलं. हे बघा."

त्यानं बादलीतलं पाणी तांब्यानं उचलून एका सुट्या काचेवर ओतलं आणि काच उन्हात धरली. दोघंही बघत राहिले. मार्चचं ऊन होतं, पाणी वाळायला वेळ लागला नाही. काचेवर काहीच उरलं नाही. एक ठिपकासुद्धा.

"पुसायचीही गरज नाही," तो म्हणाला. "गाडीच्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, परवानगी आणा, करार तयार आहे. या मागच्या खदान वस्तीतलेच नऊ जण आहेत आमच्या संस्थेत. पोरींची लग्नं अडलीत मॅडम, खोटं कशाला बोलू."

नूतननं बाटलीत नमुना घेतला. काचेकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी इतकं मऊ असत नाही, हे तिला माहीत होतं, आणि ते त्याला आत्ताच सांगण्याचं तिच्यात बळ नव्हतं.

*

ऑफिसात परतल्यावर तिनं पाण्याचा नकाशा उघडला.

हा नकाशा घंटागाड्या काढत. प्रत्येक घंटागाडीच्या मागे, कचऱ्याच्या कप्प्याखाली, एक पेटी बसवलेली असे. पेटीत निर्वात नळी आणि नळीत रुबिडियमचे काही लाख अणू. लेसरनं ते इतके थंड करायचे की त्यांची धावपळ जवळजवळ थांबते, आणि मग त्यांना खाली पडू द्यायचं. पडायला किती वेळ लागला ते मोजायचं. पायाखाली वस्तुमान जास्त असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित जास्त, आणि अणू किंचित लवकर पडतात. फरक अब्जाव्या भागांत असतो. पण पाण्यानं भरलेला मुरूम कोरड्या मुरमापेक्षा जड असतो, आणि घंटागाडी रोज प्रत्येक गल्लीत जाते, प्रत्येक दारी थांबते. एका दिवसाच्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही. महिनोन्महिन्यांच्या मोजण्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या की हादरे, ट्रक, येणारी-जाणारी माणसं सगळी वजा होतात आणि जमिनीखालचं पाणी तेवढं उरतं.

नूतननं खदान रस्त्याची चार वर्षांची मोजणी एकामागून एक लावली. सर्व्हे नंबर शहाऐंशीच्या खाली, दहा-बारा मीटरांवर, सच्छिद्र मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत पाण्याचा एक गोळा होता. अंड्यासारखा. आजूबाजूला कोरडं. हा गोळा दर पाच दिवसांनी फुगत होता आणि मधल्या दिवसांत ओसरत होता. ऐन मेमध्येही. दर वेळी साधारण सव्वा लाख लिटर.

खदान वस्तीचे दोन हातपंप या अंड्याच्या बरोबर कडेला होते.

पाऊस काही पाच दिवसांच्या पाळीनं पडत नाही. पाच दिवसांची पाळी फक्त महापालिकेच्या नळाला असते.

प्रयोगशाळेचा अहवाल चौथ्या दिवशी आला. नळाला येणारं धरणाचं पाणी वर्षभर उन्हात पडून असतं. वाफ होताना हलक्या ऑक्सिजनचे रेणू आधी उडून जातात, जड मागे राहतात. म्हणून धरणाचं पाणी आणि गावात पडून मुरलेलं पाणी यांचं वजन वेगळं असतं, आणि ते कितीही मिसळलं तरी ओळखता येतं. दस्तगीरच्या बोअरचं पाणी धरणाचं होतं. त्र्याण्णव टक्के.

कुठली तरी लाईन गळत होती. आणि त्या गळतीवर एक वस्ती जगत होती.

ती उपसंचालक देशमान्यांकडे गेली. देशमान्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्यांनी नकाशा पाहिला, अहवाल पाहिला, चष्मा काढून डोळे चोळले.

"धुलाईला रोज किती पाणी लागणार?"

"चाळीस हजार लिटर. पाच दिवसांत दोन लाख. गळती सव्वा लाखाची आहे. महिन्याभरात हातपंप बंद पडतील."

"मग नामंजूर करा."

"कारण लिहावं लागेल, सर. कारण लिहिलं की गळती नोंदीवर येते. आणि नोंदीवर आलेली गळती सात दिवसांत बुजवायची, असा आपलाच नियम आहे. तरीही हातपंप बंद."

"म्हणजे परवानगी दिली तरी पाणी जाणार आणि नाही दिली तरी जाणार."

"हो."

देशमान्यांनी फाईल तिच्याकडे सरकवली. "रस्त्याची रुंदी कमी आहे म्हणून लिहा. बारा मीटर पाहिजे."

"रस्ता बारा मीटरच आहे."

"मोजायला येईपर्यंत सहा महिने जातात, बाई. अपिलाला आणखी आठ. तोवर मी घरी बसलेला असेन आणि तुमची बदली झालेली असेल." त्यांच्या आवाजात बनेलपणा नव्हता. फक्त कंटाळा होता. "काही गोष्टी न लिहिल्यानंच चालू राहतात. तुमचे वडील वॉलमन होते ना? विचारा त्यांना."

*

तसं तिनं वडिलांना विचारलं. देशमान्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. जुन्या नोंदवहीत तिला वडिलांचं अक्षर सापडलं होतं म्हणून.

किसनराव जोगदंड एकोणऐंशी वर्षांचे होते. छत्तीस वर्षं त्यांनी या शहराच्या पाण्याचे वॉल उघडले आणि बंद केले. कुठल्या गल्लीला कधी पाणी, हे त्यांच्या खांद्यावरच्या लोखंडी चावीवर ठरत असे. त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. लहानपणी नूतननं गणिताच्या वहीत उत्तर खोडून दुसरं लिहिलं, की ते म्हणायचे, "आधी खात्री कर, मग लिही. नोंद म्हणजे नोंद." विज्ञान शिकायला ती पुढं गेली त्याचं मूळ या वाक्यात होतं, असं तिनं एकदा त्यांना सांगितलंही होतं.

ते दुपारी व्हरांड्यात शेवग्याच्या शेंगा सोलत होते.

"आप्पा, खदान रस्त्याची जुनी बिडाची लाईन तुम्हीच बंद केली होती?"

"नवी लाईन पडली तेव्हा. बावीस वर्षं झाली."

"वहीत 'पूर्ण बंद' लिहिलंय."

"मग झाली असेल पूर्ण बंद."

"नाही झालेली. अजून पाणी जातंय त्यातून. पुढं कुठं तरी फुटलीय आणि सगळं मुरमात उतरतंय."

किसनरावांनी शेंगेची एक लांब शीर ओढली. ती मध्येच तुटली. त्यांनी ती दुसरीकडून ओढायला घेतली.

"साडेतीन आटे राहिले होते," ते म्हणाले.

नूतन समोरच्या खुर्चीत बसली.

"सतरा आट्यांचा वॉल होता तो, चावीचे सतरा फेरे. साडेतेरावर अडकला. गंज होता. मी जोर लावला, पण चावी घसरली आणि मांडीत लागली. संध्याकाळ झालेली. म्हटलं, उद्या रॉकेल घेऊन येऊ, लांब पाइप लावू आणि आवळू. तेवढ्यासाठी वही उघडी कशाला ठेवायची? म्हणून लिहून टाकलं."

"आणि उद्या?"

"उद्या टाकीखालची लाईन फुटली. परवा आणखी काही. महिनाभरानं तिकडून चाललो होतो, तर खदानीतल्या बाया हंडे घेऊन पंपावर. त्या पंपाला कधी पाणी नव्हतं."

"म्हणून तुम्ही तो तसाच ठेवलात. त्यांच्यासाठी."

किसनरावांनी मान वर केली नाही. "तू तसं म्हणशील, हे मला माहीत होतं."

"तसं नाही?"

"जायचं राहिलं, एवढं खरं. पुढं कधी तरी जायचंच नाही असंही ठरवलं असेल. आधी काय होतं नि नंतर काय झालं, ते आता नाही सांगता येत." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "कुणाला सांगणार आहेस?"

तिला राग आला होता, पण तो नेमका कशाचा हे सापडत नव्हतं. वॉल उघडा ठेवल्याचा तर नव्हताच. ज्या वहीवर हात ठेवून ती वाढली ती वही बावीस वर्षं खोटी होती, आणि हे त्यांना रोज माहीत होतं.

*

गळती बुजवायची असेल तर ते वस्तीला कागदावरून कळू नये, एवढंच तिनं ठरवलं होतं. म्हणून शनिवारी ती खदान वस्तीत गेली.

हातपंपाभोवती रांग होती. रांगेची व्यवस्था लोचनाबाई वाघमोडे बघत होत्या. साठीच्या, उंच, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला. एकेकाळी त्या खदानीत खडी फोडत. नूतननं आपण कोण ते सांगितलं आणि सगळं समजावून सांगायला लागली, की हे पाणी जमिनीचं नसून —

"नळाचं हाय," लोचनाबाई म्हणाल्या. "आमाला म्हाईत न्हाई व्हय? पाळीनंतर तिसऱ्या दिवशी पाण्याला दवाखान्याचा वास येतो. त्या दिवशी आमी प्यायचं भरत न्हाई, धुणी काढतो."

"किती वर्षांपासून माहीत आहे?"

"पहिल्यापास्नं."

"मग कुणी बोललं नाही?"

रांगेतली एक बाई खुदकन हसली. लोचनाबाईंनी रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. शेंदूर फासलेला एक धोंडा होता, त्याला वाळका हार. "गटार खोदायला आले होते तुमचे लोक. तिथं खाली पाइप फुटलेला. खोदला असता तर संपलंच. रातोरात म्हसोबा बसवला."

"म्हणजे तिथं देव नव्हता?"

"तवा नव्हता. आता हाय. कोंबडंसुदिक मागतो."

बायका मोकळेपणानं हसल्या. नूतनलाही हसू आलं, आणि त्याबरोबर तिच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत ऑफिसच्या कामात आपण हसलो नाही. मग तिनं सांगायचं ते सांगितलं. धुलाई केंद्र, बोअर, नियम, सात दिवस.

हशा थांबला. पंपाचा दांडा मात्र चालूच राहिला. हंडा भरायचा होता.

"एक वाट आहे," नूतन म्हणाली. "नक्की नाही. नियमात असं आहे, की पंधरा वर्षांहून जास्त काळ लोक एखादं पाणी पीत असतील, तर दुसरी सोय केल्याशिवाय ते तोडता येत नाही. पण पंधरा वर्षं झाली हे सिद्ध करावं लागेल, आणि कोण पितं त्याची घरवार यादी लागेल. आणि त्यासाठी हे पाणी महापालिकेचं आहे, न विचारता घेतलेलं आहे, हेही लिहावं लागेल. काही लोक त्याला चोरी म्हणतील."

लोचनाबाईंनी पंपाच्या दांड्यावर हात ठेवला. "बाई, मतदानाला आमी खदानीचं. रेशनला मागच्या वॉर्डाचं. नळ मागाय गेलं की सायेब म्हणतो, नकाशावर तुमची वस्तीच न्हाई." त्यांनी पंपाच्या दांड्यावरचा हात काढला. "चोरी म्हणा. पण पाणी कोण कोण पिलं, ते लिवा. एकेकाचं नाव लिवा."

पुढचे दोन रविवार नूतन दारोदार हिंडली. तीनशे बारा घरं झाली.

*

पंधरा वर्षांचा पुरावा मात्र एकच होता. घंटागाडीच्या पेट्या चार वर्षांच्या. वस्तीकडे कागद नाही. वॉल कधीपासून उघडा आहे हे सांगू शकणारा माणूस शेवग्याच्या शेंगा सोलत होता.

तिनं वडिलांचा जबाब स्वतः टाइप केला. एक पान. जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर ठेवलं.

किसनरावांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग एका ओळीवर नख टेकवलं. "हे काय?"

"काय?"

"'वस्तीतील नागरिकांची पाण्याची गरज लक्षात घेऊन मानवतेच्या भावनेतून सदर वॉल पूर्ण बंद केला नाही.'"

"ते तसं राहू द्या. त्यानं चौकशीत तुमच्यावर —"

"मी असं काही केलं नाही."

"आप्पा, कुणाला काय फरक पडतो? तारीख महत्त्वाची आहे."

"तुला पडला की. त्या दिवशी व्हरांड्यात तू माझ्याकडे कशी बघत होतीस, ते मी पाहिलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बावीस वर्षं एक खोटं वहीत आहे. ते पुसायला दुसरं खोटं लिहितेस? तेही माझ्या सहीनं? काढ ती ओळ."

"मग काय लिहू?"

"लिही. वॉल साडेतेरा आट्यांवर अडकला. माझ्या मांडीला लागलं. मी दमलो होतो. दुसऱ्या दिवशी येऊन बंद करीन म्हणून पूर्ण बंद अशी नोंद केली. नंतर गेलो नाही."

ती टाइप करत गेली. "नंतर का गेला नाहीत, तेही विचारतील."

"विचारतील तेव्हा सांगीन, की सांगता येत नाही." त्यांनी सही केली. पहिल्याच फटक्यात. मग कागद तिच्याकडे परत देताना म्हणाले, "तू सांगत होतीस ते रस्त्याच्या रुंदीचं कारण लिहिलं असतंस तर यातलं काहीच झालं नसतं."

"हो."

"तुझे साहेब वाईट नाहीत."

"नाहीतच. पण मी तसं लिहिलं असतं, तर आपण दोघांनी मिळून सारखंच केलं असतं."

किसनराव उठले. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. त्यांना पायरी चढताना भिंतीला धरावं लागतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

*

सुनावणी देशमान्यांच्या दालनात झाली. टेबलाच्या एका बाजूला दस्तगीर आणि संस्थेचे दोघे सभासद. दुसऱ्या बाजूला लोचनाबाई, आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेले किसनराव. पंखा होता, पण कागद उडतात म्हणून बंद ठेवलेला.

नूतननं अभिप्राय वाचला. बोअरची परवानगी नाकारावी. गळती ही नोंदलेला वापर समजावी. खदान वस्तीला नळजोडण्या मिळेपर्यंत वॉल आहे त्या स्थितीत ठेवावा. जोडपत्र एक, जबाब. जोडपत्र दोन, यादी.

देशमान्यांनी जबाब वाचला आणि किसनरावांकडे पाहिलं. "जोगदंड, याच्यावर चौकशी लागेल, कल्पना आहे ना? या वयात."

"आहे, साहेब."

"किती आटे म्हणालात?"

"साडेतीन."

देशमान्यांनी तो आकडा उगीचच आपल्या वहीत लिहिला. मग ते दस्तगीरकडे वळले. "मोमीन, आता तुमचं. नियमाप्रमाणे अर्जदाराला हरकत घेता येते. हे पाणी विनापरवाना घेतलेलं आहे, तो हक्क होत नाही, असं तुम्ही लेखी दिलंत तर प्रकरण पुढं न्यायाधिकरणाकडे जाईल. तिथं निकाल लागेपर्यंत मला गळती बुजवून ठेवावी लागेल; जिंकलात तर तेच पाणी संस्थेला रीतसर मागता येईल. तो माझा नाइलाज आहे. हरकत नसेल तर मी आजच आदेश काढतो. पण मग तुमचा बोअर गेला. हे समजून सांगा."

दस्तगीरच्या हातात वकिलानं लिहून दिलेला कागद होता. दोन घड्या घातलेला. शेजारच्या सभासदानं त्याला कोपरानं ढोसलं.

दस्तगीर नूतनकडे बघत होता. "मॅडम, त्या दिवशी काच वाळली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"शंका आली होती."

"तेव्हाच बोलायचं होतं. मी त्याच संध्याकाळी कंपनीला फोन केला. पेढे वाटले सगळ्यांना."

"माझं चुकलं," नूतन म्हणाली.

"मोमीन," देशमाने म्हणाले, "हरकत आहे की नाही?"

"आहे, साहेब."

लोचनाबाईंनी डोळे मिटून घेतले. शेजारचा सभासद सावरून बसला. देशमान्यांनी पेनचं टोपण काढलं आणि एक लांब श्वास सोडला. "बोला. काय हरकत?"

"यादी चुकलीय." दस्तगीरनं वकिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवला. "तीनशे बारा घरं लिहिलीत. तीनशे तेरा आहेत. माझी बहीण राहिली. पंपाच्या मागची दुसरी गल्ली, पत्र्याचं घर. मॅडम नावं लिहायला आल्या तेव्हा तिनं आतून कडी लावून घेतली."

"का?" नूतननं विचारलं.

"आपलं नाव यादीत गेलं तर भावाचा धंदा जाईल म्हणून. पंधरा दिवस झाले, ती पंपावरही जात नाही. दीड कोसावरून पाणी आणते. मला काल कळलं." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "घ्या लिहून. नाहीतर पुढं तिलाच नळ मिळायचा नाही."

शेजारचा सभासद उठून बाहेर निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही, पण लोटून उघडंच ठेवलं.

नूतननं जोडपत्र दोन पुढ्यात ओढलं. शेवटच्या ओळीखाली जेमतेम जागा होती. "नाव?"

"हलिमा रसूल शेख."

"माणसं किती?"

"पाच."

तिनं लिहिलं. तीनशे तेरा. देशमान्यांनी आदेशावर सही केली, शिक्का मारला आणि पंखा लावायला सांगितलं. दस्तगीर उठला, पण दारापर्यंत जाऊन तिथंच थांबला. बाहेर व्हरांड्यात त्याची माणसं जमली होती, आणि काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं. मग तो बाहेर गेला.